दर शनिवारचे बाराशे रुपये

मागच्या वर्षी फ्लॅट घ्यायचं ठरलं. म्हणजे मी घ्यायचा आणि बाबांनी सहकर्जदार म्हणून सह्या करायच्या, असं. एका रविवारी सकाळी बँकेचा माणूस घरी आला. माझ्याच वयाचा, नम्र वगैरे. आईने पोहे केले होते. त्याने माझ्या सहा महिन्यांच्या स्टेटमेंटची चक्क प्रिंट काढून आणली होती आणि काही ओळी हिरव्या हायलायटरने रंगवल्या होत्या. पोहे खाता खाता तो एकेक ओळ विचारत गेला. हा हप्ता कसला? बाईकचा. हे पंचवीस हजार? मित्राला उसने दिले होते, ते परत आले. मग म्हणाला, "आणि सर, हे दर शनिवारी बाराशे रुपये कुणाला जातात? दुसरं काही लोन चालू आहे का?"

ते बाराशे रुपये माझ्या समुपदेशकाची फी. मी तेव्हा पाच-सहा महिने जात होतो. घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. कधीच सांगणार नव्हतो असं नाही, पण माझ्या वेळेला आणि माझ्या शब्दांत सांगणार होतो. इथे हॉलमध्ये, टीपॉयवर, हिरव्या रंगात क्लिनिकचं नाव होतं आणि त्या नावात 'मन' हा शब्द होता. बाबांनी चष्मा लावला आणि कागद हातात घेतला.

"डॉक्टर आहेत," मी म्हणालो.

"कसले?" स्वयंपाकघराच्या दारातून आई.

असो. पुढचं नंतर सांगतो.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. यात कुणाचीच चूक नव्हती. त्या मुलाचं कामच ते होतं, अर्जदाराने एखादा हप्ता लपवलाय का हे बघण्याचं. माझा डेटा कुणी चोरला नव्हता, कुठला सर्व्हर हॅक झाला नव्हता. ती पीडीएफ मीच त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, पासवर्डसकट! सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घासली, ऑफिसात पासवर्ड कसे सांभाळावेत यावर ज्युनिअर पोरांना लेक्चरं दिली, आणि स्वतःच्या आयुष्याची सहा महिन्यांची डायरी एका अनोळखी माणसाला फॉरवर्ड करताना अंगठा एकदाही थबकला नाही.

डायरी म्हणतोय ते उगाच नाही. त्या रात्री मी स्टेटमेंटमधल्या ओळी मोजल्या (सवय, दुसरं काय). सहा महिन्यांत नऊशेच्या वर. त्यातल्या बहुतेक दोनशे रुपयांच्या आतल्या. चहा, वडापाव, रिक्षा, केळी, मेडिकल, पार्किंग. प्रत्येक ओळीत तारीख, रक्कम, बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि समोरच्याचं नाव. मी एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. दहा मिनिटांत मला कळलं की मी मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसला जातो, फेब्रुवारीत जिम सोडली, रविवारी मटण कुठून आणतो, पित्ताच्या गोळ्या कुठल्या आठवड्यात वाढल्या आणि कुठल्या मैत्रिणीबरोबर बिल अर्धं-अर्धं करणं एप्रिलनंतर बंद झालं. हे मला आधीच माहीत होतं, ठीक आहे. पण आता ते त्या हायलायटरवाल्यालाही माहीत होऊ शकत होतं.

आता बाबांचं जुनं पासबुक बघा. पगार जमा, विजेचं बिल, एलआयसी, आणि मध्ये मध्ये "रोख काढले ३०००". संपलं. त्या तीन हजारांचं काय झालं ते बँकेला माहीत नव्हतं, आणि तिने विचारायचं कारणही नव्हतं. "रोख काढले" ही ओळ म्हणजे एक पडदा होता. पडद्याच्या अलीकडे बँक, पलीकडे आपलं जगणं. तो पडदा कुणी ओढून काढला नाही. आपणच सोयीसाठी गुंडाळून ठेवला.

आणि सोय खरीच आहे, उगाच नाकं मुरडायला नकोत. यूपीआय आलं २०१६ साली. ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा एका महिन्यात हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला आणि बरोबर दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, दोन हजार कोटींचा. इंजिनिअर म्हणून सांगतो, ही फार भारी गोष्ट आहे. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडण नाही, दोन रुपयांच्या बदल्यात गळ्यात मारलेलं चॉकलेट नाही. टपरीवाल्याचे पैसे थेट खात्यात. मला यूपीआय बंद व्हायला नकोय. माझं म्हणणं एवढंच की दहा रुपयांच्या चहासाठी आपण काय काय देतो ते एकदा मोजावं.

तर मोजू. तुम्ही स्कॅन करता तेव्हा ती नोंद तुमच्या अ‍ॅपकडे होते. अ‍ॅप ज्या बँकेच्या आधाराने चालतं तिच्याकडे होते. मधल्या एनपीसीआयकडे, तुमच्या बँकेकडे, चहावाल्याच्या बँकेकडे आणि चहावाल्याच्या अ‍ॅपकडेही होते. एका कटिंगच्या पाच-सहा नोंदी. त्यातही देशातले सुमारे चार-पंचमांश यूपीआय व्यवहार दोनच अ‍ॅपमधून होतात, फोनपे आणि गूगल पे. एका अ‍ॅपचा वाटा तीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असा नियम एनपीसीआयने २०२० मध्येच केला, पण त्याची मुदत वाढत वाढत २०२६ च्या अखेरीपर्यंत गेली. शिवाय टपरीवरचा तो डबा "दहा रुपये प्राप्त झाले" असं अख्ख्या चौकाला ओरडून सांगतो, ते वेगळंच :-)

यावर नेहमी येणारा पहिला प्रश्न: "अरे पण तुला लपवायचंय काय?" ऑफिसात हा विषय काढला की हमखास कुणीतरी विचारतं. आणि मला दर वेळी माझी आजी आठवते.

आजीचा तूरडाळीचा एक डबा होता. त्यात डाळीच्या खाली एक प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत पैसे. भाजीतून वाचवलेले, माहेरी गेल्यावर भावाने हातात ठेवलेले, रद्दीचे. आजोबांना माहीत नव्हते, बाबांना माहीत नव्हते. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर सांगितलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, घरीच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी ती पिशवी घेऊन बाबांसमोर आली. सत्तावीस हजार पाचशे रुपये. बाबा हसले, "आई, तू तर आमच्यापेक्षा श्रीमंत!" सगळे हसले. आजी नाही हसली. तिला चोरी पकडली गेल्यासारखं झालं होतं. तिने चोरी केली नव्हती हो! ते पैसे म्हणजे तिच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट होती, जिच्यासाठी तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. त्या महिन्यात अशा कितीतरी घरांतल्या डाळ-तांदळाच्या डब्यांतून पिशव्या बाहेर आल्या असणार. पैसे बँकेत जमा झाले, एक रुपयाही बुडाला नाही. पण जे गेलं ते परत आलं नाही.

तर "लपवायचंय काय" याचं उत्तर: काही नाही आणि सगळं. आपण संडासाचं दार लावतो ते आत गुन्हा करतोय म्हणून नाही. नोकरी बदलण्याआधी लोक गुपचूप मुलाखतीला जातात. नवऱ्याचा हात उठतो म्हणून वकिलाला भेटणारी बाई असते. घरी न सांगता प्रेग्नन्सी टेस्ट विकत घेणारी मुलगी असते. घरच्यांना न पटणाऱ्या संस्थेला महिन्याला पाचशे रुपये देणारा मुलगा असतो. यातलं काहीही बेकायदा नाही. पण प्रत्येक गोष्ट चुकीच्या माणसाने चुकीच्या वेळी वाचली तर आयुष्य हलू शकतं. जॉइंट खातं असेल आणि एसएमएस नवऱ्याच्या नंबरवर जात असेल, तर तो वाचायला कुठला हॅकर लागत नाही.

"पण नावं काढून टाकली की झालं ना?" हा दुसरा, जरा शहाणा प्रश्न. नाही झालं. २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. अकरा लाख लोकांच्या तीन महिन्यांच्या क्रेडिट कार्ड नोंदी, नावं आणि नंबर काढून टाकलेल्या. तरीही कुठे आणि कधी खरेदी केली असे फक्त चार बिंदू माहीत असले, की नव्वद टक्के माणसं त्या गर्दीतून वेगळी काढता येत होती. चार! माझ्या नुसत्या एका शनिवारात चार असतात.

तिसरा आक्षेप माझ्या बाबांचा, आणि तो मला सगळ्यात आवडतो. ते म्हणाले, "अरे, पूर्वी कोपऱ्यावरच्या वाण्याला सगळ्या आळीचं माहीत असायचं. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची उधारी थकली. तेव्हा कुठे होती तुझी प्रायव्हसी?" मुद्दा बरोबर आहे. पण वाण्याला साखर किती लागली ते माहीत होतं, औषधं कुठली ते नाही. ते केमिस्टला माहीत. कर्ज किती ते सावकाराला माहीत, आणि केमिस्ट, सावकार आणि वाणी रात्री बसून वह्या जुळवत नव्हते. उधारी चुकती केली की वहीतलं पान खोडलं जायचं. वाण्याबद्दल आपल्यालाही चार गोष्टी माहीत असायच्या, तेवढी बरोबरी होती. आज सगळ्या वह्या एकाच कपाटात आहेत, पान खोडलं जात नाही, आणि कपाटाच्या मालकाबद्दल आपल्याला काहीही माहीत नाही.

आता कराचा मुद्दा, कारण तो टाळला तर हे सगळं बेईमानी ठरेल. रोखीच्या आडून कर बुडवला जातो हे खरं आहे. फ्लॅट बघताना मलाही एका ठिकाणी "थोडे कॅश" सुचवलं गेलं होतं. मी प्रायव्हसीच्या नावाखाली त्याची वकिली करत नाहीये. पण दोन गोष्टींत फरक करायला हवा. विकणाऱ्याला किती मिळालं हे कर खात्याला कळणं वेगळं, आणि घेणाऱ्याने काय घेतलं हे सगळ्यांना कळणं वेगळं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. दूध-भाजीसारखा करमुक्त माल विकणाऱ्यांनाही गेल्या. बंगळुरात लगेच टपऱ्यांवर पाट्या लागल्या: यूपीआय नाही, फक्त रोख. नोटिसा योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. मला त्यातून दिसलं ते एवढंच, की आपली नोंद आपल्याविरुद्ध कशी वाचली जाईल हे माणसाला कळेनासं झालं, की तो नोंदीपासूनच पळतो. म्हणजे ज्यांना सगळे व्यवहार डिजिटल हवेत, त्यांनीच खरं तर प्रायव्हसीची काळजी करायला हवी.

आणि तंत्रज्ञानाने हे जमत नाही असं अजिबात नाही. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, नंतर वाचलं. डेव्हिड चॉम नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८२ मध्येच यावर उत्तर मांडलं होतं. कल्पना साधी आहे. तुम्ही एका चिठ्ठीवर स्वतःच ठरवलेला लांबलचक नंबर लिहिता, ती आतून कार्बन पेपर लावलेल्या पाकिटात घालता आणि बँकेला देता. बँक तुमच्या खात्यातून शंभर रुपये वजा करते आणि पाकीट न उघडता वरून सही करते. कार्बनमुळे सही चिठ्ठीवर उमटते. तुम्ही चिठ्ठी काढून दुकानदाराला देता, तो बँकेत देतो. बँक स्वतःची सही ओळखते, पैसे देते. पण तो नंबर तिने आधी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे चिठ्ठी कुणाची हे तिला कळत नाही. एकच चिठ्ठी दोनदा वापरता येऊ नये म्हणून वापरलेल्या नंबरांची यादी ठेवायची, झालं. पाकिटाच्या जागी गणित घाला, की तयार.

चॉमची कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. पण कल्पना जिवंत आहे. 'जीएनयू टेलर' नावाची मुक्त प्रणाली याच पायावर उभी आहे, आणि तिची रचना मला फार आवडते: पैसे देणारा अनामिक, घेणाऱ्याचं उत्पन्न उघड. म्हणजे कर खातंही खूश आणि आजीचा डबाही शाबूत. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ ला सामान्यांसाठी डिजिटल रुपयाची चाचणी सुरू केली. त्याआधीच्या, ऑक्टोबर २०२२ च्या संकल्पना टिपणात लहान रकमांच्या व्यवहारांना रोखीसारखी वाजवी अनामिकता असावी हा विचार मांडलेला आहे. विचार चांगला आहे. पण टिपणातला विचार आणि प्रत्यक्षातला डीफॉल्ट यात किती अंतर असतं, ते कुठल्याही प्रोजेक्टवर काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

कायदाही आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय त्याच कायद्यात आहे, हेही लक्षात ठेवा. कायद्यात एक वाक्य कामाचं आहे: ठरलेल्या कामासाठी आवश्यक तेवढीच माहिती घ्यायची. आता मला सांगा, गृहकर्जासाठी मी चहा कुठे पितो हे आवश्यक आहे का? बँकेला चार प्रश्नांची उत्तरं हवी असतात. पगार नियमित येतो का, सरासरी शिल्लक किती, हप्ते किती चालू आहेत, चेक परत गेलेत का. ही चार उत्तरं माझी बँक त्यांच्या बँकेला थेट देऊ शकते. २०२१ पासून अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची व्यवस्था सुरू आहे. तिथे संमती कशासाठी आणि किती काळासाठी याची नोंद होते, आणि मधली कंपनी तुमचा डेटा वाचू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफपेक्षा केव्हाही बरं. पण तिथूनही कर्ज देणाऱ्याकडे ओळी जातात त्या सगळ्या तपशिलासकटच. माझी मागणी सोपी आहे. प्रश्न विचारा, उत्तर घ्या. वही मागू नका.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत मी काय करतो ते सांगतो. यात हुशारी काही नाही, नुसत्या सवयी आहेत.

महिन्यातून दोनदा एटीएममधून रोख काढतो. औषधं, डॉक्टर, पुस्तकं आणि देणग्या यांतलं जे नियमाने रोखीत चालतं ते रोखीत. पगार आणि हप्ते एका खात्यात, रोजचा खर्च दुसऱ्या खात्यात. कर्जासाठी आधी पगाराच्या खात्याचंच स्टेटमेंट देतो. दुसरं खातं लपवत नाही, विचारलं तर सांगतो, पण न मागता तिथल्या ओळी पाठवत नाही. चहा-रिक्षासाठी यूपीआय लाइट. एका वेळी हजार रुपयांपर्यंत चालतं आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त त्यात भरलेली रक्कम दिसते, एकेक चहा दिसत नाही. (अ‍ॅपला दिसतो, त्या भ्रमात राहू नका.) यूपीआय आयडीमध्ये मोबाईल नंबर होता, तो बदलून दुसरा घेतला. विशेषतः मुलींनी हे आजच करावं, रिक्षावाल्याला तुमचा नंबर कळायचं काही कारण नाही. दुकानात बिलासाठी नंबर मागितला तर "नाही देत" म्हणतो. ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये अशी सक्ती करू नका असं दुकानदारांना बजावलंय. पहिल्या दोन वेळा रांगेतले लोक बघतात. तिसऱ्यांदा आपल्यालाच काही वाटत नाही.

यातलं काहीही मला कर खात्यापासून लपवत नाही, आणि तो हेतूही नाही. हेतू फक्त तो पडदा परत टांगायचा.

हां, तर त्या रविवारचं राहिलंच. बँकेचा मुलगा गेल्यावर बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. आई रात्री माझ्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, "आमचं काही चुकलं का रे?" तसं काहीच नव्हतं. पण तो प्रश्न तिला पडू नये म्हणूनच तर मी थांबलो होतो. तिला कसं सांगायचं याचीच तयारी चालू होती, शनिवारी, बाराशे रुपये देऊन. तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "गुण आहे ना त्यांच्या हाताला?" मी हो म्हटलं. कर्ज मंजूर झालं. म्हणजे शेवट गोड झाला असं म्हणायला हरकत नाही.

फक्त ते सांगणं माझं होतं. ते एका स्टेटमेंटने सांगून टाकलं. आजीने ती पिशवी टेबलावर ठेवताना मी पण हसलो होतो, त्याची आता लाज वाटते.

मी अजूनही दर शनिवारी जातो. आता रोख देतो.